रिपोर्टात सगळं हिरवं, मोंढ्यात सॉफ्टवेअर ठप्प : सर्व्हरचा मॉनिटरिंग रिपोर्ट वाचायचा कसा?

मोंढा_आयटी (लातूर)

रामराम मंडळी. मी लातूरच्या मोंढ्यात आडत दुकानांच्या हिशोबाचं सॉफ्टवेअर सांभाळतो. पीएचपी, मायएसक्यूएल डेटाबेस, पुढे एनजिनएक्स वेबसर्व्हर. सगळं एडब्ल्यूएसच्या (ॲमेझॉनच्या क्लाउडच्या) मुंबई रीजनमधल्या एकाच सर्व्हरवर. टी३ लार्ज, म्हणजे २ व्हीसीपीयू आणि ८ जीबी रॅम. लातूर, औसा, उदगीर आणि जालन्याची काही दुकानं यावर पट्ट्या (शेतकऱ्याच्या मालाच्या पैशाचा हिशोब) करतात.

सर्व्हरवर लक्ष ठेवायला एक एजन्सी लावलेली आहे. ती दर महिन्याला जाडजूड पीडीएफ पाठवते. ऑक्टोबरच्या रिपोर्टचं पहिलं पान असं :

सीपीयू सरासरी ११% (हिरवं)
मेमरी वापर ८८% (पिवळं)
डिस्क भरलेली ६१% (हिरवं)
अपटाइम ९९.९४% (हिरवं)
सरासरी रिस्पॉन्स ६४० मिलिसेकंद (हिरवं)
स्लो क्वेरी ० (हिरवं)
शेरा : सर्व्हरची स्थिती उत्तम, रॅम वाढवण्याचा विचार करावा.

आणि इकडं नवीन सोयाबीन यायला लागल्यापासून रोज पावणेअकराला सगळं ठप्प व्हायलंय. दहा वाजता दुकानं उघडली की आदल्या दिवशीच्या पट्ट्या करायला सगळे एकदम बसतात. पहिला अर्धा तास बरा जातो, मग एकेका पट्टीला अर्धं-पाऊण मिनिट. शेतकरी पैशासाठी ताटकळत उभे, मुनीम लोक माझ्या नावानं बोंबलायलेत. साडेबाराच्या पुढं आपोआप सुरळीत होतं. एजन्सीला विचारलं तर म्हणतात, सर, रिपोर्ट बघा, सगळं ग्रीन आहे.

रिपोर्ट खोटा आहे का मला वाचता येत नाही, एवढं सांगा.

रॅमवाले_काका (छ. संभाजीनगर)

८८% मेमरी म्हणजे झालंच की. १६ जीबी करा, झोपा निवांत.

गोदाकाठ (नांदेड)

काका, थांबा जरा. लिनक्स रिकामी रॅम फुकट ठेवत नाही, डिस्कवरून वाचलेल्या फायली कॅश म्हणून त्यात ठेवतो आणि कुणाला लागली की लगेच सोडून देतो. ही कॅश धरून ८८% असेल तर त्या आकड्याला काही अर्थ नाही. फ्री कमांड मारली की शेवटी 'अव्हेलेबल' नावाचा कॉलम येतो, तो बघायचा. आणि स्वॅपमध्ये (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) सतत ये-जा चालू आहे का ते व्हीएमस्टॅटच्या एसआय-एसओ या दोन कॉलमांत बघायचं. तिथं शून्य असेल तर रॅमचा विषय सध्या बाजूला ठेवा.

शिवाय एडब्ल्यूएसच्या स्वतःच्या मॉनिटरिंगमध्ये, म्हणजे क्लाउडवॉचमध्ये, ईसी२ची (तुमच्यासारख्या क्लाउड सर्व्हरची) मेमरी मुळात दिसतच नाही, त्यासाठी सर्व्हरवर वेगळा एजंट बसवावा लागतो. तुमच्या एजन्सीनं तो बसवलेला दिसतोय, म्हणजे काम अगदीच वाऱ्यावर नाही.

वाळूज_नाइटशिफ्ट (छ. संभाजीनगर)

दादा, रिपोर्ट खोटा नसेल, पण पहिल्या पानावर जे आहे ते तुमच्या प्रश्नाचं उत्तर नाही. ११% कशाची सरासरी? महिन्याच्या सगळ्या दिवसांची, चोवीस तासांची, रविवार धरून. दिवसाचे ८ तास सीपीयू २७% आणि उरलेले १६ तास ३% राहिला तरी सरासरी ११ च येते. त्यात एखादा तास सर्व्हर गुडघ्यावर आला असेल तर या आकड्यात तो विरघळून जातो. आपल्याकडं जून ते सप्टेंबरची सरासरी भरते आणि ऑगस्टच्या खंडात पीक वाळून जातं, तसलाच प्रकार.

अपटाइमचंही तेच. ९९.९४% म्हणजे ३१ दिवसांच्या महिन्यात साधारण २७ मिनिटं बंद. पण तुम्ही तर रोज दोन तास अडकलेले. मग ते कुठं गेलं? कारण तपासणारा प्रोग्रॅम बहुतेक लॉगिनचं पान उघडून बघतो. ते पान डेटाबेसला हातही लावत नाही. पान उघडलं, २०० कोड ('ठीक आहे') आला, लिहिलं 'चालू'. तुमच्या मुनिमाच्या पट्टीचं काय झालं याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

आधी एवढं करा. रिपोर्टातले आतल्या पानांवरचे आलेख काढा आणि एकाच कामाच्या दिवसाचे, तासावारी, शेजारी ठेवून बघा. सर्व्हरवर सिसस्टॅट बसवलेलं असेल तर सार कमांडनं दर १० मिनिटांची नोंद मिळेल. उबंटूवर ते बसवून वर एनेबलही करावं लागतं, नाहीतर फोल्डर रिकामं सापडतं.

कुंथलगिरी_पेढा (धाराशिव)

एक शंका. सर्व्हर मुंबईला का ठेवलाय? लातूरहून हैदराबाद जवळ, आणि तिथं २०२२च्या नोव्हेंबरपासून एडब्ल्यूएसचं रीजन आहे. तिकडं हलवलं तर?

वाळूज_नाइटशिफ्ट

निजामाकडं परत जायचा विचार आहे काय? :) जाण्या-येण्यात फार तर काही मिलिसेकंद वाचतील. इथं एका पट्टीला अर्धं मिनिट लागायलंय. आधी ते शोधू.

मोंढा_आयटी

आतली पानं बघितली. सार चालू होतं, त्याचंही काढलं. एका कामाच्या दिवसाचं सांगतो.

अव्हेलेबल मेमरी ३ जीबीच्या वर, स्वॅप शून्य. काकांचे पैसे वाचले.

अकराच्या सुमारास सारमध्ये काहीच विशेष नाही. लोड ०.३, सीपीयू निवांत. लोड वाढून ११ झालाय तो पहाटे सव्वापाचला. त्यावर एजन्सीनं आलेखातच टीप लिहिली आहे : 'पहाटेचा बॅकअप, दुर्लक्ष करावे'. म्हणजे अकराला सर्व्हर ठीकच आहे की. मग आमचं इंटरनेट खराब म्हणायचं का?

सीताफळ_बालाघाट (बीड, सध्या पुणे)

नमस्कार. मी डेटाबेस ॲडमिन आहे, एरवी इथं नुसती वाचत असते.

सर्व्हरवर डेट कमांड मारून बघा. शेवटी यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) लिहिलेलं येईल. आपली वेळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे. पहाटे ५:१५ मध्ये ५:३० मिळवा.

मोंढा_आयटी

१०:४५.

मायला.

आणि ताई, बॅकअपचा क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) बघितला, तो १८:३० ला आहे. म्हणजे आपल्या रात्री बाराला. पहाटे काहीच चालत नाही. टीप कुणीतरी अंदाजानं ठोकून दिली आणि ती दर महिन्याला पुढच्या रिपोर्टात तशीच उतरतेय.

गोदाकाठ

हे आमच्याकडं तर एकदा ऑडिटमध्ये निघालं होतं. लॉग एका वेळेत, ॲप दुसऱ्या वेळेत, अन् मीटिंगमध्ये दोघंही बरोबर. सर्व्हर यूटीसीतच राहू द्या, त्यात वाईट काही नाही. रिपोर्ट मात्र भारतीय वेळेत मागा, आणि प्रत्येक आलेखाखाली ती वेळ कोणती ते लिहून घ्या.

वाळूज_नाइटशिफ्ट

आता मजा आहे. २ कोअरवर लोड ११, त्या वेळी सीपीयू किती?

मोंढा_आयटी

सारमध्ये ५:२० ला : यूजर १४, सिस्टिम ४, आयओवेट ७१, स्टील ०, बाकी आयडल. पण क्लाउडवॉचच्या आलेखात त्याच वेळी सीपीयू जेमतेम २०% दिसतोय. दोघांत खरं कोण?

वाळूज_नाइटशिफ्ट

दोघंही. क्लाउडवॉच बाहेरून मोजतो. आतला प्रोसेसर डिस्कची वाट बघत बसला असेल तर बाहेरून तो रिकामाच दिसतो. आयओवेट म्हणजे तोच वाट बघण्याचा वेळ. तो फक्त आतून मोजलं तरच कळतो. म्हणून नुसत्या क्लाउड पॅनलवरून बनवलेल्या रिपोर्टात डिस्कचा त्रास सीपीयूच्या आकड्यात कधीच सापडत नाही.

लोडचंही ध्यानात घ्या. लिनक्सच्या लोड ॲव्हरेजमध्ये सीपीयूसाठी रांगेत उभ्या असलेल्या प्रोसेस येतात, आणि डिस्कसाठी अडकून पडलेल्या, 'डी' स्थितीतल्या, प्रोसेसही येतात. लोड ११ अन् सीपीयू मोकळा, हे एकत्र दिसलं की सीपीयू वाढवून काही होत नसतं. स्टील (क्लाउडनं आपल्याला न दिलेला सीपीयूचा वेळ) ० आहे, म्हणजे टी३चं सीपीयू क्रेडिट (साठवलेला जादा सीपीयूचा कोटा) संपलंय वगैरे शंकाही बाद. या मशीनचा बेसलाइन ३०% आहे, तुम्ही सरासरीत त्याच्या बरेच खाली.

डिस्क कोणती अन् केवढी? आणि रिपोर्टात डिस्क रीड ऑप्सचा आलेख आहे का?

मोंढा_आयटी

जीपी२ (एडब्ल्यूएसच्या डिस्कचा एक प्रकार), १०० जीबी. सर्व्हर २०१९ सालचा आहे, तेव्हापासून तीच. आलेख आहे, शेरा : 'डिस्क ॲक्टिव्हिटी स्थिर'. दर ५ मिनिटांचा आकडा. सव्वादहाच्या आसपास ९ लाखांच्या घरात, मग १०:४५ नंतर एकदम ९० हजारांवर येतो आणि साडेबारापर्यंत सरळ रेघ. सपाट, जणू पट्टी ठेवून ओढलीय.

वाळूज_नाइटशिफ्ट

'स्थिर' लिहिणाऱ्याला नमस्कार.

५ मिनिटं म्हणजे ३०० सेकंद. ९ लाख भागिले ३०० म्हणजे सेकंदाला ३,००० वाचनं. ९० हजार भागिले ३०० म्हणजे सेकंदाला ३००. हे दोन आकडे योगायोगानं आलेले नाहीत. जीपी२ डिस्कला दर जीबीमागे ३ आयऑप्स (सेकंदाला होणारी वाचनं-लेखनं) मिळतात, १०० जीबीला ३००. त्याहून जास्त लागलं तर ती साठवलेल्या क्रेडिटवर ३,००० पर्यंत धावते. पूर्ण साठा ५४ लाखांचा. सेकंदाला ३,००० खर्च आणि ३०० जमा, म्हणजे २,७०० नं साठा घटतो. ५४ लाख भागिले २,७०० म्हणजे २,००० सेकंद, सुमारे ३३ मिनिटं.

तुमचा 'पहिला अर्धा तास बरा' तो हाच. साठा संपला की डिस्क ३०० वर येते आणि सगळे रांगेत. रिकामा साठा पुन्हा भरायला, डिस्क अगदी निवांत असेल तर, ५ तास लागतात. बारानंतर मागणी कमी होते, रात्री बॅकअप थोडं खातो, पहाटेपर्यंत परत फुल्ल. म्हणून रोज त्याच वेळेला.

क्लाउडवॉचमध्ये 'बर्स्ट बॅलन्स' नावाचं माप असतं, टक्क्यांत. ते उघडा.

मोंढा_आयटी

सकाळी १००. १०:४५ ला ०. ऑक्टोबरचे सगळे कामाचे दिवस असेच. रिपोर्टात हे माप कुठंच नाही. 'डिस्क' म्हणून फक्त किती भरली तेवढंच.

रॅमवाले_काका

मग डिस्क बदला. जीपी३ करा. आकार कितीही असो, ३,००० आयऑप्स कायम मिळतात, अन् चालू सर्व्हरवर बदलता येते. हे तरी बरोबर सांगतोय ना पोरांनो?

सीताफळ_बालाघाट

काका, बरोबर आहे आणि कधीतरी करायचंच आहे. पण आज केलं तर दुखणं झाकलं जाईल. आडतीच्या पट्ट्या करायला सेकंदाला ३,००० वाचनं लागतात कशाला? पट्टी म्हणजे वजन, भाव, हमाली, तोलाई वजा, आणि शेतकऱ्यानं आधी घेतलेली उचल वजा. एवढ्यासाठी डेटाबेसनं शंभरेक ओळी वाचल्या तरी पुष्कळ.

मला रिपोर्टातलं 'स्लो क्वेरी ०' खटकतंय. क्वेरी म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न. मायएसक्यूएलमध्ये लाँग क्वेरी टाइमची मर्यादा मुळात १० सेकंद असते. ९ सेकंदांची क्वेरीसुद्धा तिथं 'स्लो' ठरत नाही. लॉगही मुळात बंदच असतो. मर्यादा १ सेकंद करा, लॉग सुरू करा आणि उद्या सकाळची फाइल बघा. सोबत बफर पूल (मायएसक्यूएल डेटा रॅममध्ये धरून ठेवतो ती जागा) किती ठेवलाय तेही सांगा, त्याचं मूळ माप १२८ एमबी असतं आणि कितीतरी सर्व्हरवर ते कुणी कधी बदललेलंच नसतं.

प्राध्यापक_परभणी

धागा छान चाललाय, त्यात थोडं वेगळं घुसवतो. आमच्या कॉलेजचा सर्व्हर क्लाउडवर नाही, कार्यालयामागच्या खोलीत आहे. आमच्या रिपोर्टात ॲप, सीपीयू सगळं असतं, पण खोलीचं तापमान नसतं. मे महिन्यात इथं पारा ४२-४३ वर, त्यात लाइट गेली की यूपीएसवर सर्व्हर चालतो पण एसी बंद. मग पंखे पूर्ण वेगानं, प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो, आणि रिपोर्टात दिसतं 'ॲप्लिकेशन स्लो'. अशा वेळी काय बघावं?

गोदाकाठ

सर, आयपीएमआयटूलनं सर्व्हरच्या तोंडाशी शिरणाऱ्या हवेचं तापमान मिळतं, ते झॅबिक्स या मॉनिटरिंग सॉफ्टवेअरमध्ये घ्या. शिफारस १८ ते २७ अंशांची असते. झॅबिक्सचा फायदा असा की जुना तपशील पुसला तरी दर तासाचं किमान, सरासरी आणि कमाल तो ट्रेंडमध्ये ठेवतो. एप्रिल-मेचा आलेख काढताना कमाल घ्या, सरासरी नको.

सोबत डिस्कचं स्मार्ट (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) बघा. रीॲलोकेटेड सेक्टर (५ नंबर) आणि करंट पेंडिंग सेक्टर (१९७) हे आकडे शून्यावरून हलायला लागले की नवीन डिस्कचा प्रस्ताव टाका. कॉलेजात प्रस्ताव मंजूर व्हायला किती वेळ लागतो ते तुम्हाला माहीतच आहे, म्हणून लवकर टाका.

मोंढा_आयटी

ताई, फाइल आली. शेकडो नोंदी, आणि जवळपास सगळी एकच क्वेरी. शेतकऱ्याची मागची उचल-बाकी काढणारी. एक्स्प्लेन केलं (क्वेरी कशी चालते ते दाखवणारी कमांड) तर टाइप 'ऑल', म्हणजे २०१९ पासूनचा सगळा उचल टेबल दर पट्टीला वाचला जातोय. एकटी चालवली तर ३-४ सेकंद. बफर पूल १२८ एमबीच. आणि फ्लश मेथड कुणीतरी ओ-डायरेक्ट करून ठेवलीय.

सीताफळ_बालाघाट

मग कोडं सुटलं. ओ-डायरेक्ट असलं की मायएसक्यूएल लिनक्सच्या कॅशला वगळून थेट डिस्कवर जातो. मोठा बफर पूल असेल तर ते योग्यच आहे. १२८ एमबीवर मात्र प्रत्येक पट्टी म्हणजे डिस्कवर नवी फेरी. ३ जीबी रॅम मोकळी पडलेली असताना.

रात्री बॅकअप झाल्यावर त्या टेबलला इंडेक्स (पुस्तकाच्या सूचीसारखी यादी) टाका, आधी पार्टी आयडी, मग तारीख, याच क्रमानं. इनोडीबीला (मायएसक्यूएलचं टेबल साठवणारं इंजिन) इंडेक्स चालू टेबलवर टाकता येतो, तरी सोयाबीनच्या दिवसात दुपारी प्रयोग करू नका. बफर पूल २ जीबी करा, आणि पुढचे दोन-चार दिवस अव्हेलेबल मेमरीवर नजर ठेवा, कारण त्याच मशीनवर पीएचपीही आहे. दोन्ही एका रात्रीत करू नका, एक करून एक दिवस बघा, नाहीतर कशानं फरक पडला ते कळणार नाही.

वाळूज_नाइटशिफ्ट

आणि मोजायचं कशानं ते ठरवा. ती ६४० मिलिसेकंदांची सरासरी विसरा, त्यात लोगो, सीएसएस, लॉगिन सगळं मिसळलेलं आहे. एनजिनएक्सच्या नेहमीच्या लॉगमध्ये वेळ नसतोच, लॉग फॉरमॅटमध्ये रिक्वेस्ट टाइम आणि अपस्ट्रीम रिस्पॉन्स टाइम ही दोन व्हेरिएबल टाका. मग फक्त पट्टी सेव्ह होण्याचा पत्ता घ्या, १० ते १२:३० एवढाच वेळ, आणि त्याचा ९५वा पर्सेंटाइल काढा. म्हणजे १०० पैकी ९५ पट्ट्या किती वेळाच्या आत झाल्या. एक सावधगिरी : रोजचे पर्सेंटाइल बेरीज करून महिन्याचा काढता येत नाही, त्याला सगळ्या मूळ नोंदी एकत्र लागतात. एजन्सी बहुतेक तशी बेरीजच करेल, आधीच सांगून ठेवा.

कुंथलगिरी_पेढा

पण एवढं सगळं बघण्यासाठी प्रॉमिथियस-ग्राफाना ही मॉनिटरिंगची जोडी लावावी का? सगळीकडं तेच म्हणायलेत.

वाळूज_नाइटशिफ्ट

एका सर्व्हरला? सार आणि एनजिनएक्सचा लॉग पुरे. हवं तर पुढं लावा. वरचं सगळं सार, क्लाउडवॉच, मायएसक्यूएलचा स्लो लॉग आणि त्यांच्याच पीडीएफमधून निघालंय.

मोंढा_आयटी

कळवायचं राहून गेलं, पट्ट्यांची गर्दी होती. इंडेक्स टाकला. त्या एका गोष्टीनं बर्स्ट बॅलन्स ९० च्या खाली येणं बंद झालं, लोड १ च्या आत. पट्टीचा ९५वा पर्सेंटाइल १०:३० ते १२:३० मध्ये सव्वा सेकंद. बफर पूलही नंतर वाढवला, त्याचा फरक एवढा जाणवला नाही. जीपी३ चं दिवाळीनंतर.

एजन्सीशी बसलो. पोरगा चांगला आहे, त्याला साचा वरून मिळालेला. पुढच्या महिन्यापासून भारतीय वेळ, फक्त कामाचे दिवस, पट्टीचा पर्सेंटाइल, बर्स्ट बॅलन्सचं रोजचं किमान, आणि लॉगिनऐवजी डेटाबेसला विचारून उत्तर देणारं तपासणीचं पान, एवढं कबूल केलंय. पहिलं पान दोन आलेखांचं करा म्हटलं तर म्हणाला, साहेब, मग मॅनेजर विचारतील रिपोर्ट पातळ का झाला.

एक राहिलंय. जालन्याचं एक दुकान अजून म्हणतंय की दुपारी चारला अडकतं. त्यांच्या नोंदी वेगळ्या काढल्या तर अपस्ट्रीम ०.४ सेकंद आणि रिक्वेस्ट टाइम १८-२० सेकंद.

वाळूज_नाइटशिफ्ट

अपस्ट्रीम म्हणजे पीएचपीनं उत्तर द्यायला घेतलेला वेळ. रिक्वेस्ट टाइममध्ये ते उत्तर दुकानापर्यंत पोचायचा वेळही येतो. तुमचा सर्व्हर अर्ध्या सेकंदाच्या आत मोकळा झालाय, पुढचं सगळं त्यांच्या लाइनवर. त्यांच्या राउटरवरून बाहेर सतत पिंग लावून ठेवा आणि चारला कुणी सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग वर चढवतंय का ते विचारा. रस्त्याचं काम चालू असेल तर जेसीबीचाही नंबर लागतो. त्याचा वेगळा धागा काढा दादा, इथं सर्व्हरचं संपलं.